मार, घाव आणि फुंकर: जुन्या इंग्रजीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच विषयावर आले आहेत: जुन्या इंग्रजीतली मारण्याची, आपटण्याची आणि वाऱ्याची क्रियापदे. जुनी इंग्रजी म्हणजे इंग्लंडमध्ये साधारण पाचव्या शतकाच्या मध्यापासून 1100 पर्यंत चाललेली भाषा. तिचे शब्द खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. वाचताना काही गोष्टी सांभाळा. लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारायचे. ‘ॲआ’ हा जोडस्वर एका दमात, ‘ॲ’वर भर देऊन म्हणायचा. ‘ख’ आणि ‘घ’ आपल्यासारखे नाहीत. घशात हवा घासून काढायचे. ‘थ’ इंग्रजी ‘थिंक’मधला. आणि डिंट, क्निस्सान, क्निल्लान, फीस्ट या शब्दांतली इ-ई ओठ गोल करून.

प्रश्न: आजच्या इंग्रजीत ‘स्ले’ म्हणजे ठार मारणे. पण केंटच्या जुन्या कायद्यात, मुठीने नाकावर मारले तर 3 शिलिंग, या कलमात हेच क्रियापद आहे असे वाचले. जिवाची किंमत 3 शिलिंग कशी? की भाषांतर चुकले?

भाषांतर बरोबर आहे. क्रियापदाचा अर्थ मधल्या काळात आक्रसला. मूळ शब्द स्लॅआन, आणि त्याचा पहिला अर्थ ‘मारणे, प्रहार करणे’. मराठीतले ‘मारणे’ डोळ्यांसमोर ठेवा. ‘त्याने त्याला मारले’ एवढ्यावरून मार खाणारा जिवंत राहिला की गेला हे कळत नाही; पुढचा-मागचा संदर्भ पाहावा लागतो. स्लॅआन अगदी तसेच चाले.

तुम्ही म्हणता तो कायदा राजा एथेलबर्टचा, इ.स. 600 च्या सुमाराचा. इंग्रजीत लिहिलेला सर्वात जुना कायदा तोच. त्याची एकच प्रत उरली आहे, रोचेस्टर इथे 12 व्या शतकाच्या पूर्वार्धात नकललेल्या टेक्स्टस रोफेन्सिस या हस्तलिखितात. त्यातले शब्द ‘मिड फीस्टे इन नासो स्लॅख्थ’, म्हणजे ‘मुठीने नाकावर मारतो’. त्याच यादीत कान तोडल्यास 12 शिलिंग आहेत, आणि तिथे क्रियापद आहे आस्लॅआन. ‘आ’ हा उपसर्ग लागला की मारून वेगळे करणे.

खरी गंमत उपसर्गांत आहे आणि तिथेच नवे वाचक फसतात. नुसते स्लॅआन हे मारणे, तर ओफ्स्लॅआन हे मारून टाकणे. मराठीत जे काम ‘टाकणे’ हे सहायक क्रियापद करते ते तिथे पुढे लागलेला ‘ओफ’ करतो. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात लढाईत अमुक पडला असे सांगताना बहुतेक वेळा हेच रूप येते. टोस्लॅआन म्हणजे मारून तुकडे करणे. आणि ‘ये’ हा उपसर्ग लागला की प्रहाराने काहीतरी हाती येते: 937 च्या ब्रुनानबर्हच्या लढाईवरच्या कवितेत राजा एथेलस्टान आणि त्याच्या भावाने कीर्ती ‘येस्लोघोन’ असे म्हटले आहे, म्हणजे तलवार चालवून मिळवली. त्या जागी ‘कीर्तीला मारले’ असे भाषांतर झाले तर सगळा अर्थ उलटा होतो.

उपसर्ग नसतानाही ठार मारण्याचा अर्थ येऊ शकतो, हे मात्र लक्षात ठेवा. वेसेक्सचा राजा इने (राज्यकाळ 688 ते 726) याच्या कायद्यात एक कलम आहे: परका माणूस वाट सोडून रानातून चालला असेल आणि तो ओरडत नसेल, शिंगही फुंकत नसेल, तर त्याला चोर समजावे, त्याला मारावे किंवा खंडणी घेऊन सोडावे. इथले ‘मारावे’ म्हणजे जिवे मारावे, कारण समोरचा पर्याय सुटकेचा आहे. संदर्भ पाहायचा तो असा. एथेलस्टानच्या कायद्यात खोटी नाणी पाडणाऱ्या टाकसाळवाल्याचा हात ‘स्लॅआन’ करून टाकसाळीवर लावावा असे आहे. तिथे तो प्रहार कापणारा आहे, हात तोडणारा.

प्रश्न: याच क्रियापदाचा भूतकाळ कुठे ‘स्लोख’ तर कुठे ‘स्लोघोन’ दिसतो. ख आणि घ मध्ये हा बदल लेखकाच्या चुकीने झाला का?

चूक नाही, नियम आहे. एकवचनी स्लोख (त्याने मारले), अनेकवचनी स्लोघोन (त्यांनी मारले). या अदलाबदलीचे कारण डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर याने 1870 च्या दशकात दाखवले, आणि त्याचा पुरावा त्याला वैदिक संस्कृतात सापडला. जर्मानिक भाषांच्या (इंग्रजी, जर्मन, डॅनिश यांच्या कुळाच्या) आधीच्या अवस्थेत आघात ज्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारायच्या ज्या तुकड्यावर होता त्यावरून पुढचे व्यंजन ठरले. वैदिक ‘भ्रातृ’त आघात पहिल्या अवयवावर आहे, म्हणून जुन्या इंग्रजीत ‘ब्रोथोर’ असा घर्षक (हवा घासून निघणारा) थ आला. ‘पितृ’त तो दुसऱ्या अवयवावर आहे, म्हणून ‘फॅडेर’ असा ड आला. आपल्या क्रियापदातही एकवचनी भूतकाळात आघात धातूवर होता, अनेकवचनात प्रत्ययावर. आघात नंतर सगळीकडे पहिल्या अवयवावर सरकला, त्याची खूण तेवढी व्यंजनांत राहिली. आजच्या इंग्रजीतले ‘वॉज’ आणि ‘वेअर’ हे याच नियमाचे जिवंत उदाहरण.

‘स्लेन’ हा आजचा शब्दही इथूनच आला. भूतकालवाचक धातुसाधिताचे एक रूप स्लॅयेन असे होते, त्यात ‘घ’चा ‘य’ झाला होता. मूळ स्लॅआन सरळ चालत आले असते तर आज ‘स्ली’ व्हायला हवे होते. पण ‘स्लेन’च्या वजनावर वर्तमानकाळाचे ‘स्ले’ घडवले गेले.

प्रश्न: ‘बाय डिंट ऑफ’ (अमुकच्या जोरावर) यातला डिंट काय आहे?

डिंट म्हणजे घाव, फटका. गाडीला पडतो तो ‘डेंट’ याच शब्दाचे दुसरे रूप. अमुकच्या डिंटने म्हणजे त्याचे घाव घालून घालून, म्हणून जोरावर. एथेलबर्टच्या कायद्यात हा शब्द मुक्या माराच्या वळासाठीही येतो: कपड्याबाहेर दिसणारा काळा डिंट असेल तर 30 शॅट (तेव्हाचे छोटे नाणे), कपड्याखाली झाकला जाणारा असेल तर 20. केंटमध्ये 20 शॅटांचा एक शिलिंग धरतात, म्हणजे दिसणाऱ्या वळाला दीडपट भरपाई.

प्रश्न: नवव्या शतकातल्या इंग्लंडवर गोष्ट लिहीत आहे. काही संवादांत मूळ शब्द ठेवायचे आहेत. ‘हिट’, ‘स्ट्राइक’ आणि ‘स्माइट’ हे तिन्ही अस्सल जुने दिसतात. त्यांची जुनी रूपे वापरली तर चालतील का?

तिन्ही नकोत. शब्द जुने आहेत, पण त्या शतकात त्यांचा अर्थ मारण्याचा नव्हता.

स्ट्रीकान म्हणजे हळुवार हात फिरवणे, पुसणे, सारवल्यासारखे करणे. शिवाय पुढे सरकत जाणे. जर्मन भाषेतले श्ट्रायखेन आजही हात फिरवणे आणि रंग लावणे याच अर्थी आहे. धान्याच्या मापावरून पट्टी फिरवून वरचा ढीग सपाट करणे या अर्थाने इंग्रजीतही हे क्रियापद पुढे टिकले. मारण्याचा अर्थ 1300 च्या आसपास रुळला. म्हणून तुमच्या योद्ध्याने शत्रूला ‘स्ट्रीकान’ केले तर त्याने शत्रूच्या पाठीवरून हात फिरवला असा अर्थ होईल. ‘स्ट्रोक’ या शब्दात दोन्ही टोके आज शेजारी नांदतात: मांजराला केलेला स्ट्रोक प्रेमाचा, कुऱ्हाडीचा स्ट्रोक घावाचा, आणि धातू एकच.

स्मीटान म्हणजे माखणे, बरबटवणे, विटाळणे. बेस्मीटान हे रूप धार्मिक लिखाणात भ्रष्ट करणे या अर्थी येते. फटका देण्याचा अर्थ 1200 च्या आसपासचा. माखण्यापासून फटक्यापर्यंतचा प्रवास समजायला गिलावा करणाऱ्याकडे पाहावे: तोही गारा भिंतीवर फेकूनच मारतो.

हिट्टान तर मूळचे इंग्रजीच नाही. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘हिट्टा’पासून ते जुन्या इंग्रजीच्या अखेरच्या टप्प्यात आले आणि त्याचा अर्थ होता गाठ पडणे, सापडणे. बाण लक्ष्याला ‘गाठतो’, इथून तो मारण्याकडे वळला. ‘हिट अपॉन ॲन आयडिया’ या प्रयोगात जुना अर्थ तसाच उरला आहे: कल्पना सापडली.

प्रश्न: मग कोणत्या माराला कोणता शब्द?

मुठीचा मार असेल तर स्लॅआन, सोबत ‘मिड फीस्टे’. उघड्या पंजाची चपराक असेल तर प्लॅट्टान. जुन्या इंग्रजीतल्या योहानाच्या शुभवर्तमानात शिपाई येशूला हातांनी मारतात तिथे हेच क्रियापद आहे. कानशिलात बसली तर तिला वेगळे नामही होते, ‘ॲआरप्लॅट्ट’.

वेताचा, चाबकाचा मार म्हणजे स्विंगान. आजच्या ‘स्विंग’मुळे झोका आठवतो, पण झुलण्याचा अर्थ फार नंतरचा. एल्फ्रिक या इंग्रज मठवासी शिक्षकाच्या लॅटिन शिकवणाऱ्या संवादपुस्तकात गुरू मुलांना विचारतो, शिकताना फटके खायला तयार आहात का? मुले सांगतात, अडाणी राहण्यापेक्षा विद्येसाठी फटके परवडले. त्या लॅटिन ओळींवर लिहिलेल्या जुन्या इंग्रजी अर्थात ‘बेस्वुंगेन’ आहे, म्हणजे फटकावले गेलेले. शाळेचा प्रसंग असेल तर दुसरा शब्द शोधू नका.

तलवारीला स्लॅआन चालतेच. कुऱ्हाडीसारखा सपासप घाव असेल तर हॅआवान. ड्रेपान हा खास कवितेतला शब्द, नंतर इंग्रजीतून पूर्ण गेला. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्यात तो आहे, आणि ग्रेंडेल या राक्षसाच्या प्रेताचे डोके उडवतानाच्या घावाला तिथे ‘ड्रेपे’ हे नाम आहे. साध्या माणसाच्या तोंडी ड्रेपान घातले तर तो पोवाड्याची भाषा बोलल्यासारखा वाटेल.

भाला मात्र स्लॅआन होत नाही, तो खुपसतात: स्टिंगान. आज ‘स्टिंग’ मधमाशीपुरते उरले आहे. माल्डनच्या लढाईवरच्या कवितेत (लढाई 991 ची) नायक आपल्याला जखमी करणाऱ्या व्हायकिंगला भाल्याने ‘स्टांग’ करतो. इथली चूक अनुवादांत फार दिसते. भाल्याने ‘डंख मारला’ असे लिहू नका, भोसकले असेच लिहा.

दोन फौजा एकमेकींवर आदळल्या तर ह्नीटान. दार ठोठावायला क्नोकिआन, आणि सुरुवातीचा क स्पष्ट म्हणायचा. तो 17 व्या शतकाच्या सुमारास गळू लागला. घंटेचा टोल क्निल्लान. मळणी थेर्शान. लोखंड ठोकायला आणि कुणाला बडवून काढायला बॅआटान. अर्थ आजवर जवळजवळ न हललेले थोडेच शब्द आहेत, त्यांतला हा एक.

वादळाने, लाटेने आपटणे यासाठी क्निस्सान. एक्सेटर हस्तलिखितातल्या ‘भटका’ या कवितेत वादळे कड्यांना क्निस्सान करतात. घाव आणि वारा हे दोन्ही अर्थ एकाच जागी आणणारा हा शब्द आमच्या फार आवडीचा आहे, आणि तो इंग्रजीने गमावला याचे मनापासून वाईट वाटते.

प्रश्न: इंग्रजी ‘ब्लो’चे तीन अर्थ सापडतात: वारा वाहणे, फूल उमलणे आणि फटका. हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत का? वाऱ्याचा फटका बसतो म्हणून तसे झाले असेल असे वाटते.

तर्क सुचायला सोपा आहे, पण खरा नाही. हे तीन वेगळे शब्द आहेत आणि काळाच्या ओघात एका रूपात मिसळले.

पहिला ब्लावान: वारा वाहणे, फुंकणे, शिंग वाजवणे, भाता चालवणे. वर सांगितलेल्या इनेच्या कलमातले शिंग याच क्रियापदाने फुंकले जाते. त्याचे गोत मोठे आहे. ब्लॅस्ट म्हणजे वाऱ्याचा झोत. स्फोटाचा अर्थ कितीतरी उशिराचा. ब्लॅड्रे म्हणजे फुगते ती पिशवी, आजचे ‘ब्लॅडर’. ब्लॅड म्हणजे आधी श्वास, मग चैतन्य, मग कीर्ती. बेओवुल्फमध्ये कीर्ती दूरवर पसरते ती याच शब्दाने. इथे ‘ॲ’ दीर्घ आहे. ऱ्हस्व केला तर पान किंवा पाते असा निराळाच शब्द होतो. लोहाराच्या भात्याला ब्लॅस्टबेल्ग म्हणत, झोताची पिशवी. त्यातल्या बेल्गपासून आज ‘बेलोज’ म्हणजे भाता झाला आणि ‘बेली’ म्हणजे पोटही.

दुसरा ब्लोवान: उमलणे, बहरणे. जर्मन ब्ल्यूएन हा त्याचा भाऊ.

हे दोन एकमेकांत का मिसळले ते रूपे मांडली की दिसते. दोघांचा भूतकाळ पहिल्यापासूनच एक होता: ब्लेओव. वाहिला आणि उमलला यांत ऐकून फरक करता येत नसे. फरक उरला होता तो मूळ रूपात (ब्लावान, ब्लोवान), वर्तमानकाळात (‘तो वाहतो’ ब्लॅव्थ, ‘ते उमलते’ ब्लेव्थ) आणि धातुसाधितात (ब्लावेन, ब्लोवेन). 1200 च्या आसपास दक्षिण इंग्लंडात दीर्घ ‘आ’ गोल होऊन ‘ओ’कडे सरकला. स्टानचा ‘स्टोन’ झाला, हामचा ‘होम’ झाला, तसे ब्लावानही ब्लोवानच्या जवळ गेले आणि राहिलेली भिंत पडली. स्कॉटलंडात हा बदल झाला नाही, तिथे वारा अजून ‘ब्लॉ’ करतो.

तिसरा, फटका या अर्थाचा, जुन्या इंग्रजीत सापडतच नाही. तो 15 व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, उत्तरेकडच्या ‘ब्लॉ’ अशा रूपात दिसू लागतो. त्याचे मूळ पक्के ठरलेले नाही. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतले ब्लिग्ग्वान म्हणजे बडवणे आणि जर्मन ब्लॉयेन यांच्याशी नाते जोडतात, पण जुन्या इंग्रजीतला दुवा हाती नाही. म्हणून नवव्या शतकाच्या गोष्टीत घावासाठी डिंट, स्लेये किंवा स्वेंग लिहा, ब्लो नको.

वाचताना ब्लेओव समोर आले की कर्ता पाहा. वारा, शिंग, भाता, माणूस असेल तर ब्लावान. झाड, शेत, फूल असेल तर ब्लोवान.

वाऱ्यासाठी आणखी एक शब्द होता, वावान. तो आपल्याला ओळखीचा वाटेल, कारण संस्कृत ‘वा’ धातू, ‘वाति’, ‘वायू’ आणि इंग्रजी ‘विंड’ हे सगळे त्याचे सोयरे. ‘भटका’ कवितेतच ‘विंडे बिवाउने’ भिंती उभ्या आहेत, वारा अंगावर घेत. हा शब्द विरळा आहे, म्हणून तो दिसला की थांबून वाचावा.

प्रश्न: ‘स्लेजहॅमर’ म्हणजे बर्फावरच्या स्लेजला लागणारा हातोडा का? आणि लाकडी मोगरीला आणि किड्याला दोघांना ‘बीटल’ का म्हणतात?

स्लेजहॅमरमधला स्लेज म्हणजे स्लॅआनपासून निघालेला जुना शब्द. त्याचाच अर्थ जड हातोडा, म्हणजे पूर्ण शब्द ‘हातोडा-हातोडा’ असा झाला. बर्फावरची स्लेज डच भाषेतून आलेली, नाते घसरण्याशी. मोगरीचा बीटल बॅआटानपासून, म्हणजे बडवणारा. किड्याचा बीटल चावणे या अर्थाच्या क्रियापदापासून, म्हणजे चावणारा. मागावर बाण्याचा धागा ठोकून बसवणाऱ्या फणीला इंग्रजीत ‘स्ले’ म्हणतात. ती मात्र खरोखर स्लॅआनच्या घरातली.

प्रश्न: मूळ मजकूर वाचताना भूतकाळाचे रूप शब्दकोशात सापडत नाही. स्लोख पाहिले तर ‘चिखल’ असा अर्थ निघाला. कोश कसा पाहावा?

कोशात क्रियापद मूळ ‘आन’-अंती रूपाने असते, म्हणून उलटे जावे लागते. आधी उपसर्ग सोडवा: ये, आ, ओफ, टो, बे, फोर. काही कोश ‘ये’ लागलेले शब्द वेगळे देतात, काही तो उपसर्ग क्रमात मोजत नाहीत. कोशाची प्रस्तावना वाचल्याशिवाय शोधायला बसू नका.

मग भूतकाळाचा स्वर पाहा. दीर्घ ‘आ’ असेल तर मूळात ‘ई’ असतो: स्ट्राक वरून स्ट्रीकान, स्माट वरून स्मीटान. एकवचनात ‘आ’ आणि अनेकवचनात ‘उ’ (स्वांग, स्वुंगोन) असेल तर मूळात ‘इ’, स्विंगान. ‘एओ’ दिसला तर बॅआटान, हॅआवान, ब्लावान यांचा गट. शेवटी ‘ओडे’ असेल तर ‘इआन’-अंती क्रियापद: क्नोकोडे, क्नोकिआन. ‘एडे’ असेल आणि व्यंजन एकेरी असेल तर मूळात ते दुहेरी करून पाहा: क्निसेडे, क्निस्सान.

दीर्घ ‘ओ’ आणि शेवटी ‘ख’ किंवा ‘घ’ आला, तर मूळ रूप आकुंचित असणार. दोन स्वरांमधला ‘ह’ गळून ‘स्लाहान’चे स्लॅआन झाले, त्यामुळे मूळ रूपात व्यंजनच उरले नाही. धुणे या अर्थाचे थ्वॅआन (भूतकाळ थ्वोख) आणि दोष देणे या अर्थाचे लॅआन (लोख) याच साच्यातले.

चिखलाचा स्लोख खरा शब्द आहे, पण नाम आहे. वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही असून दुसरे क्रियापद नसेल तर तो चिखल असू शकत नाही. बेओटचेही तसेच: ते बॅआटानचा भूतकाळ (‘बडवले’) असू शकते किंवा मेजवानीत योद्ध्याने घेतलेली प्रतिज्ञा या अर्थाचे नाम. शेजारी विशेषण किंवा ‘माझी’, ‘त्याची’ असे सर्वनाम असेल तर प्रतिज्ञा समजा.

कोशांपैकी बॉसवर्थ आणि टोलर यांचा 1898 चा कोश आणि टोलरची 1921 ची पुरवणी नेहमी जोडीने पाहा. पुरवणीत पुष्कळ दुरुस्त्या आहेत. टोरंटोचा नवा कोश अधिक काटेकोर आहे, पण तो अजून वर्णमालेच्या शेवटापर्यंत पोचलेला नाही. बॅआटान, ब्लावान, ड्रेपान त्यात मिळतील. स्लॅआन, स्ट्रीकान आणि स्विंगानसाठी अजून जुन्या कोशाकडेच जावे लागते.